मामाचा मारिओ जाडा होता!

मागच्या दिवाळीत भाऊबीजेला धाकटा मामा घरी येणार होता. त्याला खूश करायचं म्हणून मी एक उद्योग करून ठेवला. हॉलमधल्या ४३ इंची टीव्हीला लॅपटॉप जोडला, त्यावर एम्युलेटर टाकला, ब्लूटूथचा कंट्रोलर चार्ज केला आणि मामाचा चहा होईस्तोवर पडद्यावर मारिओ हजर! हा तोच मारिओ, ज्याच्यासाठी मामाने १९९५ साली सहावीत असताना आजोबांचा जीव खाऊन टीव्ही गेम घ्यायला लावला होता.

मामा दोन मिनिटं खेळला. दुसऱ्याच खड्ड्यात पडला. मग कंट्रोलर खाली ठेवून म्हणाला, "हा तो नाही बे."

"मामा, हाच तो. बिट न् बिट तोच आहे."

"नाही. आमचा मारिओ जाडा होता. आणि असा कुत्रं मागं लागल्यासारखा पळत नव्हता. आणि ह्या विटा बघ, डोळ्यात टोचायलेत."

मी हसलो. लहानपणीचं सगळंच माणसाला गोड आठवतं वगैरे व्याख्यान दिलं. शेवटी मी तिसऱ्या वर्षाचा इ अँड टीसीवाला, आणि मामा बारावी कॉमर्स, नवी पेठेत स्टेशनरीचं दुकान! पैज लागली. जो हरेल त्याने पार्कावर सगळ्यांना भेळ द्यायची. मित्रांनो, ती भेळ मला ११ जणांना द्यावी लागली. मामा तिन्ही बाबतीत बरोबर होता. जाडा, सावकाश आणि मऊ. हे कसं, ते सांगण्यासाठी हा लेख.

आधी एक गैरसमज दूर करू. गेमच्या फाईलमध्ये चित्र असतं असं आपल्याला वाटतं. नसतं. तिथे असते चित्राची कृती. ८ बाय ८ ठिपक्यांचे छोटे तुकडे, प्रत्येक ठिपक्याला दोन बिट, कुठला तुकडा कुठे मांडायचा याची यादी आणि कुठला रंगसंच वापरायचा याचा नंबर. मारिओच्या डोक्यावरचा ढग आणि जमिनीवरचं झुडूप हा एकच तुकडा आहे, फक्त रंग बदललाय. (विश्वास नसेल तर आज रात्री बघा.) निन्टेंडोचं मूळ यंत्र, म्हणजे जपानमध्ये १९८३ साली आलेला फॅमिकॉम, ही कृती वाचून २५६ बाय २४० ठिपक्यांची मांडणी करायचा आणि ती एका वायरवरून लहरीच्या रूपात टीव्हीकडे ढकलायचा. चित्र तयार व्हायचं ते टीव्हीच्या काचेवर. एम्युलेटर नक्कल करतो ती डब्याची. टीव्हीची नक्कल करा असं त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. म्हणजे माझं 'बिट न् बिट तोच' हे वाक्य खरंच होतं, फक्त ते अर्ध्या यंत्राबद्दल होतं.

आता विटा का टोचतात ते बघू. पहिलं कारण इतकं बाळबोध आहे, की ते सुचायला मला दोन दिवस लागले. मामाचा टीव्ही १४ इंची होता. त्याच्या काचेवर चित्राची एक रेघ साधारण पाऊण मिलिमीटर उंच. आमच्या ४३ इंची टीव्हीवर तेच २४० ठिपके पडदाभर ताणले, की एकेक ठिपका सव्वादोन मिलिमीटरचा होतो. आणि बसायचं अंतर मात्र तेवढंच, चार-पाच फूट, कारण त्या वेळी कंट्रोलरची वायरच तेवढी होती आणि आता आमचा हॉल तेवढा आहे! तिप्पट मोठी वीट तिप्पट टोचणारच.

पण नुसता आकार असता तर टीव्ही दूर नेऊन भागलं असतं. दुसरं कारण ट्यूबमध्ये आहे. एलसीडीचा ठिपका म्हणजे खिडकी, कडा पक्क्या, आत सगळीकडे सारखा उजेड. सीआरटीमध्ये इलेक्ट्रॉनचा झोत काचेच्या मागच्या फॉस्फरवर आदळतो. त्याचा डाग मध्ये उजळ आणि कडेला मंद असतो, धुक्यातल्या दिव्यासारखा. शेजारशेजारचे डाग एकमेकांत मिसळतात. वर शॅडो मास्क, म्हणजे भोकं पाडलेला पत्रा, ज्यामुळे लाल-हिरव्या-निळ्या फॉस्फरची वेगवेगळी तिकडी पेटते. १४ इंची घरगुती टीव्हीत गेमच्या एका ठिपक्याच्या वाट्याला जेमतेम एक-दोन तिकड्या यायच्या. तेवढ्यात चौकोन काढायला जागाच नाही. गेमच्या ठिपक्यांची जाळी एक, मास्कच्या भोकांची जाळी दुसरी, दोन्हींचा मेळ नाही. म्हणून मामाने आयुष्यात कधी चौकोनी ठिपका पाहिलाच नव्हता. पिक्सेल म्हणजे चौकोन ही आपल्या पिढीची समजूत. संगणक चित्रकलेतला एक मोठा माणूस, अल्वी रे स्मिथ, याने १९९५ साली एक अख्खं टिपणच लिहिलं होतं, की पिक्सेल हा छोटा चौकोन नव्हे. पिक्सेल म्हणजे त्या जागेचं घेतलेलं एक मोजमाप, त्याला आकार देतो तो दाखवणारा पडदा.

तिसरं कारण वायर. मामाचा गेम टीव्हीच्या अँटेनाच्या जागी जोडायचा असे आणि मग चॅनेलचं बटण फिरवत बसायचं, मुंग्यांतून चित्र येईपर्यंत. त्या एकाच वायरीत उजेड आणि रंग दोन्ही कोंबलेले. आपल्या पाल पद्धतीत रंगाची लहर ४.४३ मेगाहर्ट्झवर बसवलेली असते आणि रंगाला जागा उजेडापेक्षा खूपच कमी मिळते. त्यामुळे उजेडाची कड त्यातल्या त्यात धड येते, पण रंग बाजूच्या दोन-चार ठिपक्यांवर सांडतो. वर पाल टीव्ही लागोपाठच्या दोन रेघांच्या रंगाची सरासरी काढतो. टीव्ही इंजिनिअरिंगच्या पेपरला आपण 'डिले लाइनचे कार्य लिहा' म्हणून जे पाच मार्कांना घोकतो, ते हेच! माझ्याही डोक्यात ते पाच मार्कांपुरतंच होतं.

या सांडण्याचा चित्रकार मुद्दाम उपयोग करायचे, हे कळल्यावर तर मी गारच झालो. सेगाच्या १९९१ सालच्या सॉनिकमध्ये पहिल्याच टप्प्यात धबधबा आहे. एलसीडीवर बघा, उभ्या पट्ट्या दिसतात, एक पट्टी पाण्याची, एक मोकळी, गजाच्या खिडकीसारखं. त्या यंत्राला अर्धपारदर्शक रंग असा सहजी जमतच नव्हता. पण जुन्या टीव्हीच्या वायरीतून गेल्यावर पट्ट्या एकमेकांत विरघळायच्या आणि पाण्यातून मागचं दिसायचं. आज तोच धबधबा कोरीव काटेकोर दिसतो, आणि चुकीचा दिसतो.

मामाच्या 'जाडा'चं उत्तर मात्र मला पुस्तकात नाही, साखर पेठेत सापडलं. आमच्या ओळखीचे एक काका तिथे चादरीच्या कारखान्यासाठी डिझाईन काढायचे. सोलापुरी चादर म्हणजे जकार्ड. त्यांच्याकडे जुने आलेख कागद अजून गुंडाळी करून ठेवलेत. कागदावरचा एक चौकोन म्हणजे ताण्याचा एक धागा आणि बाण्याचा एक धागा यांची गाठ. रंगवलेला चौकोन असेल तर पत्त्याला भोक, भोक असेल तर आकडा उचलला जातो आणि धागा वर येतो. बाण्याच्या प्रत्येक फेऱ्याला एक पत्ता. म्हणजे शुद्ध बिटमॅप! जकार्डचं यंत्र १८०४ सालचं आहे, हे लक्षात घ्या.

मी काकांना म्हटलं, काका, तुमचे हे चौकोन चौकोनी का नाहीत? खरंच, कागदावरच्या घरांची रुंदी आणि उंची वेगवेगळी होती. काका हसले. म्हणाले, "ताणा जेवढा दाट असतो तेवढा बाणा नसतो ना. साध्या चौकोनी कागदावर गोल चंद्र काढशील, तर चादरीवर तो उभा अंड्यासारखा निघंल. म्हणून जसा माग, तसा कागद घ्यायचा. आणि कागदाकडं बघून डिझाईन पास करायचं नसतं. कापड विणून आलं, की दहा फुटावरून बघायचं."

हे ऐकलं आणि टाळक्यात उजेड पडला. निन्टेंडोमध्ये मियामोतो आणि तेझुका यांनी १९८५ च्या सुपर मारिओ ब्रदर्सच्या पातळ्या आलेख कागदावरच आखल्या होत्या. कागदावर घर चौकोनी, पण त्यांचा 'माग' कुठला? जपानचा टीव्ही! तिथे एनटीएससी पद्धत, ५२५ रेघा. त्या टीव्हीवर फॅमिकॉमचा ठिपका ८ रुंद आणि ७ उंच या प्रमाणात पडतो, म्हणजे मुळातच थोडा आडवा. मी मोठ्या शहाणपणाने एम्युलेटरमध्ये 'चौकोनी पिक्सेल' निवडलं होतं. म्हणजे माझा मारिओ जपान्यांच्या मारिओपेक्षाही हडकुळा होता.

आणि आपला माग? आपल्याकडे पाल, ६२५ रेघा. १९८२ साली एशियाडच्या निमित्ताने दूरदर्शन रंगीत झालं तेही पालमध्येच. गेमचं यंत्र प्रत्येक वेळी यातल्या अर्ध्याच रेघा वापरतं, त्यातल्या साधारण २८८ काचेवर दिसतात. पण गेमकडे रेघा तर २४० च! उरलेल्या ४८ रेघांचं काय? काळ्या. निम्म्या वर, निम्म्या खाली. चित्र उंचीने दबतं, रुंदीने तेवढंच राहतं. गणित केलं तर पालमध्ये एका ठिपक्याची रुंदी उंचीच्या १.३९ पट येते. १६ बाय १६ ची प्रश्नचिन्हाची वीट घ्या. माझ्या पडद्यावर ती १६ रुंद, जपानमध्ये साधारण १८, आणि सोलापुरात २२! मारिओ जाडा नसता तरच नवल.

मी मामाला फोन करून एवढंच विचारलं, की चित्राच्या वर-खाली काही दिसायचं का. तो म्हणाला, "काळी पट्टी असायची की. आम्हाला वाटायचं टीव्हीच छोटा पडतोय." ज्या माणसाला मी आठवणी गोड होतात म्हणून ऐकवलं होतं, त्याला ३० वर्षांपूर्वीच्या ४८ काळ्या रेघा आठवत होत्या.

आता राहिला वेग. याचा हिशोब कागदावर सोपा आहे. त्या काळचे गेम घड्याळाकडे बघत नाहीत, टीव्हीच्या फ्रेम मोजतात. प्रत्येक फ्रेमला मारिओ अमुक ठिपके पुढे, गाण्याचा पुढचा सूर अमुक फ्रेमनंतर. जपानी टीव्ही सेकंदाला ६० फ्रेम दाखवतो, आपला ५०. निन्टेंडोने युरोपातल्या पाल देशांसाठी सुपर मारिओ ब्रदर्समध्ये वेगाची दुरुस्ती केली होती. पण आपल्याकडे आले ते नक्कल केलेले डबे, लिटल मास्टर आणि त्याचे असंख्य भाऊबंद, आणि '९९९९९९ इन १' लिहिलेल्या, प्रत्यक्षात तेच वीस-पंचवीस गेम फिरवून फिरवून देणाऱ्या कॅसेट. त्यांत जपान-अमेरिकेच्या गेमची जशीच्या तशी प्रत, त्याला कोण दुरुस्त करणार? तेव्हा सगळं सहा भागांतले पाच भाग वेगाने चालायचं. पण हे झालं कागदावर. पैज होती, पुरावा हवा होता. म्हणजे खरा डबा आणि खरा टीव्ही.

मामाचा डबा आजीने जपून ठेवला होता, माळ्यावर, दिवाळीच्या पणत्यांच्या खोक्यात. टीव्ही मात्र केव्हाच भंगारात गेला होता. मी अख्खं शहर पालथं घातलं म्हटलं तरी चालेल. भंगारवाल्यांकडे ट्यूब फुटलेले सेट, कारण तांब्याची कॉइल काढून घेतली की बाकीचं कुणाला नको. शेवटी अशोक चौकाजवळ एक म्हातारे टीव्ही मेकॅनिक भेटले. त्यांचं दुकान आता सेट टॉप बॉक्सच्या रिमोटवर आणि मिक्सरच्या दुरुस्तीवर चालतं. मागच्या खोलीत एक १४ इंची सेट होता, गिऱ्हाईक परत न्यायलाच आलं नाही असा. चालू केला तर पडद्याच्या मधोमध फक्त एक आडवी पांढरी रेघ. मेकॅनिक काकांनी मागचं झाकण न उघडताच सांगितलं, "व्हर्टिकल आयसी गेलाय." झोताला वर-खाली नेणारं सर्किटच मेलं, म्हणून सगळं चित्र एका रेघेत गोळा. वर्गात मी ही आकृती दहा वेळा काढली असेल, पण रेघ बघितल्याबरोबर आयसीचं नाव घेणारा माणूस पहिल्यांदा पाहिला. दुसऱ्या मेलेल्या सेटमधून त्यांनी तो आयसी काढून बसवला, चित्र उघडलं. पैसे विचारले तर म्हणाले, आधी गेम तर दाखव.

त्याच दुकानात, पाऊस पडत असताना, मारिओ चालू झाला. जाडा. काळ्या पट्ट्यांसकट.

मी मारिओला सुरुवातीलाच उभा करून ठेवला आणि मोबाईलचं स्टॉपवॉच लावलं. गेममधलं घड्याळ ४०० पासून उलटं मोजतं आणि त्याचा एक आकडा २४ फ्रेमनी उतरतो. म्हणजे शून्यापर्यंत ९६०० फ्रेम. साठने भागा, १६० सेकंद. पन्नासने भागा, १९२. घरी एम्युलेटरवर मी आधीच मोजलं होतं, २ मिनिटं ४० सेकंद. दुकानात मारिओ मेला तेव्हा स्टॉपवॉच ३ मिनिटं १२ सेकंदांवर होतं. मामाच्या अख्ख्या पिढीने मारिओचं गाणंही संथ लयीत ऐकलंय, सूर जवळपास तेच, फक्त ताल सावकाश. आम्ही तिथूनच भेळेची ऑर्डर द्यायची का, असं मामाने विचारलं.

हो, मामाही दुकानात होता. आणि तिथे एक गोष्ट झाली. टीव्ही चालू केला, की मला कानात एक बारीक शिट्टी ऐकू यायला लागली, डासासारखी. ती रेघांची शिट्टी. सेकंदाला १५,६२५ रेघा काढणाऱ्या ट्रान्सफॉर्मरची. मामा म्हणाला, "आम्ही जिन्यात असलो तरी ओळखायचो, वर टीव्ही चालू आहे म्हणून. आवाज बारीक केला असला तरी." मी म्हटलं, मग आत्ता येतेय ना ऐकू? तो टीव्हीजवळ गेला, कान लावला. येत नव्हती. वयाबरोबर कानाच्या वरच्या फ्रिक्वेन्सी आधी जातात. मेकॅनिक काका म्हणाले, मला तर बंद होऊन वीस वर्षं झाली.

असो. टीव्ही समोर होता तोवर मी बऱ्याच गोष्टी तपासून घेतल्या. त्यातली एक सांगतो, कारण तिच्याबद्दल लई खोटा प्रचार आहे. एम्युलेटरमध्ये 'स्कॅनलाइन' नावाचा पर्याय असतो, चित्रावर जाड काळ्या आडव्या रेघा मारतो, आणि लोकांना वाटतं हेच अस्सल. त्या रेघा खऱ्या आहेत. नेहमीचा टीव्ही कार्यक्रम एकदा विषम रेघा आणि एकदा सम रेघा भरतो, गेमचं यंत्र मात्र दर वेळी त्याच जागेवरच्या रेघा काढतं, मधल्या तशाच राहतात. पण झोत उजेडाबरोबर जाडा होतो. निळं आकाश, पांढरे ढग असे उजळ भाग असले, की शेजारच्या रेघा एकमेकींना चिकटतात आणि फट बुजते. अंधाऱ्या भागात फट राहते. त्या १४ इंची सेटवर मला रेघा दिसल्या त्या नाक काचेला लावल्यावर. महागड्या स्टुडिओ मॉनिटरवर त्या ठळक दिसतात हे खरं, पण सोलापुरात स्टुडिओ मॉनिटरवर कोण काँट्रा खेळत होतं? सगळीकडे सारख्याच काळ्या पट्ट्या मारलेलं चित्र म्हणजे पडद्याआडून बघितल्यासारखं.

आणि हालचाल! याची मला कल्पनाच नव्हती. सीआरटीवर कुठलाही एक बिंदू क्षणभरच पेटतो, मग पुढच्या फ्रेमपर्यंत अंधार. एलसीडी फ्रेम पूर्ण होईपर्यंत तेच चित्र धरून ठेवतो. आपला डोळा मात्र मारिओबरोबर सरकत असतो. चित्र थांबलेलं, डोळा चाललेला, म्हणून मागचं दृश्य फासल्यासारखं दिसतं. पळताना मारिओ फ्रेमला अडीच ठिपके जातो, तेवढं ते फासलं जातं. मोठा पडदा, मोठा ठिपका, मोठा फराटा. स्थिर असताना एलसीडी काटेकोर आणि पळताना गिचमिड, सीआरटी स्थिर असताना मऊ आणि पळताना स्वच्छ. पटत नाही ना? मलाही पटलं नव्हतं.

ज्याला अजूनही वाटतं, की पडदा हा काही यंत्राचा भाग नव्हे, त्याने बदकांचा गेम आठवावा. डक हंट, १९८४. बंदूक घोड्यासकट मामाच्या खोक्यात होती. ती आमच्या नव्या टीव्हीवर चालत नाही, कधीच चालणार नाही. कारण बंदुकीतून काही सुटतच नाही, ती बघते. घोडा दाबला, की गेम एक फ्रेम पडदा काळा करतो आणि पुढच्या फ्रेमला बदकाच्या जागी पांढरा चौकोन दाखवतो. नळीतल्या डोळ्याला अंधारानंतर उजेड दिसला, तर बदक मेलं. मूळ बंदुकीतलं सर्किट तर सीआरटीच्या रेघांच्या, १५ किलोहर्ट्झच्या लुकलुकण्यालाच उजेड मानतं. एलसीडीचा उजेड त्याच्या लेखी उजेडच नव्हे. शिवाय नवा टीव्ही चित्र 'सुंदर' करण्यात थोडा वेळ घालवतो, तोवर गेमची तपासणी होऊनही जाते. त्या दिवशी मेकॅनिक काकांनी अशोक चौकात एकूण १४ बदकं मारली.

आता घरी काय करायचं? मी करून पाहिलेलं सांगतो. एम्युलेटर असा घ्या, की ज्यात प्रदेश निवडताना 'डेंडी' पर्याय असतो. मेसेनमध्ये आहे. डेंडी हा १९९२ साली रशियात निघालेला असाच नकली डबा, तैवानी चिपवर चालणारा. आपल्या डब्यांची तऱ्हाही तीच, ५० फ्रेमची. टीव्हीलाही लॅपटॉपमधून ५० हर्ट्झ द्या, नाहीतर ६० मध्ये ५० बसवताना दर पाचवी फ्रेम दोनदा दिसते आणि मारिओ उचक्या देत पळतो. टीव्हीचा गेम मोड चालू, बाकी सगळी 'सौंदर्यप्रसाधनं' बंद. आकार, १०८० रेघांच्या पडद्यावर उंची ९६० आणि रुंदी १४२०. ९६० का, तर २४० ची बरोबर चौपट. पडदाभर १०८० ताणलं तर साडेचारपट होते, म्हणजे काही रेघा चार पिक्सेलच्या आणि काही पाचच्या, आणि चित्र सरकताना विटा शहारतात. ज्यांच्याकडे फोर-के आहे त्यांना ही कटकट नाही, २१६० म्हणजे बरोबर नऊपट. चित्र गुळगुळीत करणारे जुने फिल्टर मात्र वापरू नका. ते शेजारचे ठिपके बघून कोपरे घासतात. हुशारीचं काम आहे, पण मारिओ प्लॅस्टिकचा वाटतो. त्याऐवजी रेट्रोआर्कमधले सीआरटी शेडर, जॉम किंवा रॉयल. ते झोताचा डाग, मास्क, उजेडाप्रमाणे जाडी बदलणारी रेघ या सगळ्याचं गणित दर फ्रेमला करतात. त्याने चित्र काळवंडतं, तेव्हा बॅकलाइट चढवा. आणि टीव्हीपासून लांब बसा हो!

सगळं लावून मामाला पुन्हा बोलावलं. तो खेळला. काही बोलला नाही, पहिली पातळी संपवली, मग दुसरी. तिसऱ्या पातळीत म्हणाला, "आकाश एवढं निळं नव्हतं. जांभळट होतं."

आई लगेच स्वयंपाकघरातून म्हणाली, "काही काय, निळंच होतं. तू रंगाचं बटण पिळून ठेवायचास म्हणून जांभळं दिसायचं."

याचं उत्तर माझ्याकडे नाही आणि कुठल्याच एम्युलेटरकडे नाही. फॅमिकॉमच्या चिपमध्ये लाल-हिरवा-निळा असे आकडेच नसतात. ती थेट वायरीवरची लहर तयार करते, आणि त्या लहरीतून निळा काढायचा की जांभळट, हे प्रत्येक टीव्ही आपापल्या सर्किटप्रमाणे ठरवायचा. उरलंसुरलं घरातल्या माणसांची बोटं ठरवायची. म्हणूनच एम्युलेटरमध्ये रंगांच्या डझनभर याद्या मिळतात. मामा आणि आई दोघं बहीणभाऊ, टीव्ही एकच, आणि तीस वर्षांनी वाद चालू. मी दोन वेगवेगळ्या सेटिंग फाईल करून ठेवल्यात, एकीचं नाव 'मामा', दुसरीचं 'आई'. घरात आई असेल तेव्हा दुसरी लावतो.

— तृतीय वर्ष, अणुविद्युत व दूरसंचार